उजवीकडची जागा

नांदेडच्या भाजीबाजारात आधी तुरीच्या ओल्या शेंगा येतात. मग वालाच्या. मग हरभऱ्याचा पाला, आंबटचुका, मेथी, हिरवी चिंच, आणि एके सकाळी हे सगळं एकाच पाटीत मांडलेलं दिसतं. भाजीवाली न विचारताच समजते की मी उदगीरकडची. म्हणते, "भज्जीचं देऊ का, बाई?" म्हणजे वेळा अमावस्या जवळ आली.

आमच्याकडे तिला येळवस म्हणतात. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला लातूर, उदगीर, निलंग्याचे रस्ते संचारबंदी लागल्यासारखे ओस पडतात. ज्याला शेत आहे तो शेतात जातो, ज्याला नाही त्याला कुणीतरी आपल्या शेतात बोलावतंच. कडब्याच्या पेंढ्यांची बसलेल्या माणसाएवढी खोप करायची, वरून शाल पांघरायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे. ते पांडव. त्यांची पूजा, मग आंबील, या शेंगा-पाल्यांची भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे. थंडीत उन्हाला पाठ करून जेवत बसायचं.

यंदा भाजीवालीनं विचारलं तेव्हा मी मान हलवली. ती हो समजली आणि पिशवी भरून मोकळी झाली. एकट्या बाईच्या घरी एवढी भज्जी कोण खाणार, हे सांगायलाही मला सुचलं नाही. घरी येऊन पिशवी ओट्यावर ठेवली आणि टेबलाचा खण उघडला. आत बसूचा कॅमेरा होता. मी तो काढला नाही, फक्त आहे का बघितलं. असं मी वर्षभर करत आले आहे.

बसू, म्हणजे बसवराज, माझा धाकटा भाऊ. उदगीरच्या मोंढ्यात आमचं आडत दुकान आहे, ते तो सांभाळायचा. दिवसभर तूर, हरभरा, सोयाबीन. अंगावर धुळीचा थर. आणि गल्ल्याशेजारी कापडी पिशवीत कॅमेरा. यंदाची येळवस ही त्याच्याशिवायची पहिली.

त्याच संध्याकाळी अव्वाचा फोन आला. आम्ही आईला अव्वा म्हणतो.

"त्यो फोटो पाठिवलीस का मुनीरला?" मुनीर म्हणजे उदगीरचे स्टुडिओवाले मुनीरभाई.

"नाही अजून."

"येळवशीच्या आधी पाहिजे म्हणून सांगितलेव मी त्याला. खोपीपशी ठेवायचाय."

"अव्वा, पाठवायलाच पाहिजे का?"

पलीकडे तिनं टीव्हीचा आवाज कमी केला. मग ती म्हणाली, "त्येची जागा हाय ती. मोकळी कशाला ठेवायची?"

त्या फोटोबद्दल सांगायला हवं. मागच्या येळवशीचा आहे, बसूनं काढलेला. मी त्या दिवशी तिथं नव्हते; लातूर जिल्ह्याला सुट्टी असते, माझ्या नांदेडच्या कॉलेजला नव्हती. फोटोत डावीकडे खोप आहे. तिला लागून पाच माणसं बसली आहेत: अण्णा, अव्वा, बसूची बायको सुनंदा, आमच्या शेतावरचे माणिकदादा आणि त्यांची कोंडाबाई. उजवीकडे फोटोचा तिसरा हिस्सा रिकामा. मागं विरघळून गेलेली ज्वारी, तिच्यामागं बांध, बांधावर चिंचेचं झाड आहे एवढं कळावं इतका हिरवा ढग. खालच्या उजव्या कोपऱ्यात एक तपकिरी डाग आहे, काचेपुढं कुणाचं बोट यावं तसा.

आणि पाचही जणं हसत उजवीकडे बघतायत.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आत बसू गेला. दुकानात, भर दुपारी, पोत्याला पाठ टेकून बसला आणि उठला नाही. आमच्यात माणसाला आडवं करून जाळत नाहीत. बसवतात. आपल्याच शेतात, खड्ड्यात, मांडी घालून, तळहातावर इष्टलिंग. जागा अण्णांनी दाखवली. बांधाजवळ, चिंचेखाली.

जंगम स्वामी मंत्र म्हणत होते आणि लोक आळीपाळीनं बेल, विभूती, माती टाकत होते, तेव्हा मला काही जाणवलं नव्हतं. कॅमेरा नंतर माझ्याकडे आला. सुनंदानंच दिला, "तुमाला कळतंय ह्यातलं" म्हणून. शिवगणाराधनेला, म्हणजे त्याच्या दिवसकार्याला, मी त्यातले फोटो लॅपटॉपवर अण्णा-अव्वांना दाखवत होते. हा फोटो आला आणि माझा हात थांबला. खोप, ज्वारी, बांध, चिंच. ती पाच माणसं हसून जिकडे बघत होती तिथं कुणीच नव्हतं, आणि त्या रिकाम्या जागेच्या मागं बरोबर ती चिंच होती.

अव्वा मात्र स्क्रीनच्या जवळ आली, उजवीकडच्या जागेवर हात ठेवला आणि म्हणाली, "ही बसूची जागा."

मला वाटलं, आईचं दुःख बोलतंय.

*

तो हिवाळा माझ्याकडे तुकड्यातुकड्यांनी येतो. त्यातला सगळ्यात स्वच्छ तुकडा नांदेडचा आहे.

येळवशीच्या थोडं आधी बसू माझ्याकडे आला होता. कुणा ओळखीच्याकडून त्यानं एक जुनी पन्नासची लेन्स घेतली होती. रात्री जेवताना ती ताटाशेजारी होती. सकाळी मला उठवलं, "चल अक्का, घाटावर. धुकं हाय."

गोदावरीवर खरंच धुकं होतं. पलीकडचा काठ नव्हताच. पायऱ्यांवर एक म्हातारी निळं लुगडं पिळत होती. मी सवयीनं पुस्तक बरोबर नेलं होतं; बसूनं ते माझ्या हातातून घेऊन कठड्यावर उभं केलं.

"तू लई शिकलीस, पण बघाय शिकली न्हाईस. हिकडं ये."

मग त्यानं मला ॲपर्चर शिकवलं. लेन्सच्या आत पात्यांचं एक भोक असतं, ते लहानमोठं होतं. बसूनं ते पोत्याच्या भाषेत सांगितलं. पोत्याचं तोंड सगळं सोडलं तर धान्य भसाभसा पडतं, मुठीत आवळलं तर बारीक धार लागते. उजेडाचं तसंच. अंधारात तोंड मोकळं सोडायचं, उन्हात आवळायचं.

"आणि आकडा उलटा असतोय. दोन म्हंजे मोठं तोंड, सोळा म्हंजे बारीक."

"उलटा का?"

"आता ते मला काय माहीत? बनिवणाऱ्यानं आडत्याला इचारलं न्हाई."

त्यानं तोंड मोकळं करून फोटो काढला. पुस्तकावरची अक्षरं कोरल्यासारखी आली आणि म्हातारी, पायऱ्या, नदी दुधात नीळ टाकल्यासारख्या विरघळल्या. मग तोंड आवळून काढला. आता सगळंच स्वच्छ होतं. पुस्तकही, म्हातारीही, पाण्यावर तरंगणाऱ्या पत्रावळी आणि कॅरिबॅगाही.

"बघ. सगळं दिसाय लागलं की कचरा बी दिसतो," बसू म्हणाला.

मी चष्मा काढून डोळे बारीक केले. मला लहानपणापासून ती सवय. डोळे किलकिले केले की लांबचं जरा नीट दिसतं. बसू हसला. "तेच तर सांगून राहिलोय. तू फुकटात सोळावर जातीस."

"आणि तोंड मोकळं असलं की मागचं जातं, ते कळलं. अगदी पुढ्यात असलेल्याचं काय?"

"ते बी जातंय. ज्याच्यावर धरलं तेवढंच ऱ्हातंय. लई जवळचं बी दिसत न्हाई." आणि त्यानं आपलं बोट लेन्सपुढं धरून एक फोटो काढला. पडद्यावर बोट नव्हतं, नुसता गुलाबी धूर होता.

परतताना त्यानं रचनेचं सांगितलं. फोटो खिडकीसारखा समजायचा, दोन गज उभे, दोन आडवे. माणूस मधल्या चौकटीत कोंबायचा नाही, गजावर उभा करायचा. आणि तो ज्या बाजूला बघतो त्या बाजूला जागा सोडायची. नजरेला चालायला अंगण लागतं, नाहीतर ती चौकटीवर डोकं आपटते.

"म्हणजे पुस्तकातला समास," मी म्हणाले. "मजकुराभोवती कोरं सोडतात तसं."

"व्हय. फकस्त एकाच बाजूला." मग थोडं चालून म्हणाला, "आपल्या गावात कुणाला पटत न्हाई बघ. जागा सोडली की म्हणतेत, एवढी कुणासाठी ठिवलास? दुकानात बी तेच. रिकामी जागा दिसली की पोतं टाकतेत."

त्या दिवशी मला वाटलं होतं, आपल्याला सगळं कळलं. म्हणून येळवशीचा तो फोटो पहिल्यांदा पाहिल्यावर मी स्वतःला समजावलं ते याच नियमानं. ती पाच जणं उजवीकडे बघतात, म्हणून बसूनं उजवीकडे जागा सोडली. ही रचना आहे. दुसरं काही नाही. अव्वालाही मी हे दोनदा समजावून सांगितलं. तिनं दोन्ही वेळा ऐकून घेतलं आणि दोन्ही वेळा म्हणाली, "असंल. पण जागा त्येचीच हाय."

पण ती उजवीकडे का बघत होती, हे माझ्या नियमात कुठं बसत नव्हतं. नांदेडच्या घरी दिवा लावताना, कॉलेजात पेपर तपासताना, मला ती पाच तोंडं दिसायची. हसरी. अण्णा इतके मोकळे हसलेले मी फार कमी पाहिले आहेत. त्यांना तिथं काय दिसलं होतं? ज्याला आपण दोन महिन्यांनी तिथं बसवणार आहोत, त्याची जागा ही माणसं हसत हसत कशी बघू शकत होती? शिकलेल्या माणसानं असले प्रश्न विचारू नयेत. मी ते कुणाला विचारले नाहीत. फक्त त्या जागेत बसूला जोडून घेण्यासाठी फोटो मुनीरभाईंना पाठवायचं टाळत राहिले.

*

येळवशीच्या आदल्या दिवशी कंधारवरून जाणाऱ्या एसटीनं उदगीरला निघाले. पिशवीत कार्डासकट बसूचा कॅमेरा होता, आणि सुकायला लागलेली ती भाजीसुद्धा. कंधारला बस थांबली, चहा घेतला. जळकोटच्या पुढं करडई दिसायला लागली, तुरी पिवळ्या झालेल्या. शेताशेतात खोपीसाठी कडब्याच्या पेंढ्या काढून ठेवल्या होत्या.

उदगीरच्या चौकात अजून बसूचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स होता. वर्षभराच्या उन्हानं त्यावरची अक्षरं पांढुरकी झालेली, पण चेहरा तसाच ठळक. बाजार समितीच्या परवान्यासाठी काढलेला पासपोर्ट फोटो, त्याच्या अंगात कुणीतरी काळा कोट चढवलेला. तो फ्लेक्स लागला तेव्हा अव्वा रिक्षातून बघत म्हणाली होती, "ह्यो कोट कुणाचा? बसूनं लग्नात बी कोट घातला न्हाई." आणि रडता रडता हसली होती.

मुनीरभाईंचा स्टुडिओ चौकातून आत आहे. ते बसूचे मित्र. दोघांनी मिळून उदगीरच्या किल्ल्याचा एकेक दगड टिपला असेल. मला बघून त्यांनी खुर्ची पुसली.

"कवापासून वाट बघून राहिलो, अक्का. अम्माचे चार फोन आले." ते अव्वाला अम्मा म्हणतात.

कार्ड लावलं. फोटो मोठ्या पडद्यावर आला. इतका मोठा मी तो कधी पाहिला नव्हता. मुनीरभाई पडद्याजवळ वाकले. मग म्हणाले, "लई उघडी ठेवलीय लेन्स. दिवसा कशाला एवढी? पण बसूशेटला कोण सांगावं. मला म्हणायचा, मुनीर, तू लग्नाचे फोटो काढतोस, मी माणसाचे काढतो."

"आणि तुम्ही काय म्हणायचे?"

"मी म्हणायचो, तुझ्या माणसाच्या फोटोला फ्रेम पण मीच करून देतो."

मिक्सिंगचं, म्हणजे फोटोत फोटो जोडायचं, काम त्यांच्या हाताला इतकं सवयीचं, की मी हो-नाही म्हणायच्या आत पासपोर्टमधला बसू त्या शेतात येऊन उभा राहिला. कोट काढून त्यांनी त्याला पांढरा सदरा घातला होता. रिकामी जागा भरली. पाचही माणसं आता त्याच्याकडे बघून हसत होती.

चूक काही नव्हती त्या कामात. पण सगळ्यांच्या तोंडावर डावीकडून कलतं ऊन होतं आणि बसूच्या तोंडावर समोरून फ्लॅश. सगळ्यांच्या सावल्या ढेकळांवर पडल्या होत्या, त्याची पडली नव्हती. त्याच्यामागं ज्वारी विरघळलेली, झाड विरघळलेलं, आणि तो कडेपासून कडेपर्यंत कापून ठेवल्यासारखा स्वच्छ. आणि तो कुणाकडेच बघत नव्हता. ती सगळी त्याला बघून हसतायत आणि हा परवान्याच्या फोटोत बघतो तसा समोर.

"सावली देतो खाली," मुनीरभाई म्हणाले. माझं तोंड बघून आवाज खाली आणला. "पसंत न्हाई का?"

"अव्वाला आवडेल."

"तुमाला?"

मी पिशवी मांडीवर घेतली. ते परत पडद्याकडे वळले. "हा डाग पण साफ करतो. काचेपुढं काहीतरी आलंय." त्यांनी उजव्या कोपऱ्यावरून माउस दोनदा फिरवला आणि तो तपकिरी डाग गेला. तिथं ढेकळं आली, इतर ढेकळांसारखीच.

मी म्हणाले, "सेव्ह करू नका. सकाळी सांगते."

"सकाळी तर येळवस. दुकान बंद. मी तुमच्याच शेतात जेवायला येणार, दरवर्षीसारखा. मागच्या साली तेवढा लग्नाच्या ऑर्डरीत अडकलो." घड्याळाकडे बघून म्हणाले, "संध्याकाळपातूर सांगा. प्रिंट घेऊनच येतो."

*

घरी सुनंदा परातीत शेंगा सोलत बसली होती. समोर डब्यांत वाटाणे, तुरीचे दाणे, वाल. अव्वा देवापाशी. मी आणलेली भाजी बघून सुनंदा म्हणाली, "नांदेडहून आणलाव? हितं काय दुष्काळ पडलाय का, अक्का?" वर्षभरात तिनं केलेली ही पहिली थट्टा असेल. मी बसून सोलायला लागले.

थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "झाला का फोटो?"

"झाल्यातच जमा आहे. तू बघितलायस का तो नीट?"

"न्हाई. बघवत न्हाई." शेंग मोडली. "तुमी दाखवलाव तवा मी आत व्हते."

मी तिला सांगितलं. बसूला उजवीकडे उभा केला आहे, सावली द्यायची राहिली आहे. बोलता बोलता हेही सांगितलं, की कोपऱ्यात एक तपकिरी डाग होता, तो मुनीरभाईंनी पुसला.

सुनंदाचा हात थांबला.

"तपकिरी?"

"हो. कुणाचं बोट आलं असेल."

"त्येंनी तपकिरी स्वेटर घातलेला त्या दिशी," ती म्हणाली. "तुमी मागं आणलेला."

ती परातीकडे बघत हळूहळू सांगत गेली, जणू शेंगांमधूनच ते निघत होतं.

"सकाळपासनं खोपीत शिरून बसले व्हते. आत अंधार, पांडवांचे फोटो घ्यायचेत म्हणून. कॅमेरा खाली मातीवर ठिवायचा, बटन दाबून हात काढायचा, म्हंजे हलत न्हाई म्हणले. दोन सेकंदात वाजायचा. अव्वा ओरडल्या, निवद दाखवायचाय, भाईर ये. मग भाईर आले आन् म्हणले, बसा सगळे, आज मी बी फोटोत येणार. अण्णा म्हणले, तू कवा फोटोत येतूस, येडा झालास का? तर म्हणले, माझी जागा ठिवा. हिकडं, उजव्या हाताला. बांबूचं डालगं पालथं घातलं, त्येच्यावर कॅमेरा ठिवला, बटन दाबलं..."

ती हसली. मी तिच्याकडे बघत राहिले. ती खरंच हसत होती.

"...आन् उठून पळाया लागले तवर वाजला की. त्यो दोन सेकंदावरच व्हता. बदलायचं इसरले. दहा सेकंदाचं ठिवायचं असतंय म्हणं. असं अर्धं उठलेले, एक हात डालग्यावर, तोंड आमच्याकडं. आमी लई हसलाव. अण्णाच्या डोळ्याला पाणी आलं हसून. म्हणले थांबा, दुसरा काढू. तवर अव्वानं आंबील वाढली. मग ऱ्हायलं ते ऱ्हायलंच."

खोपीतल्या अंधारासाठी लेन्सचं तोंड मोकळं सोडलेलं. तेही बदलायचं राहिलं. म्हणून दिवसाउजेडी मागची चिंच विरघळली, आणि लेन्सच्या पुढ्यातून उठून घरच्यांकडे धावणारा बसू एक तपकिरी धूर झाला. घाटावर त्यानं सांगितलं होतं, लई जवळचं बी दिसत न्हाई.

मी वर्षभर त्या फोटोत तो कुठं नाही तेच बघत होते. ती माणसं बांधाकडे बघत नव्हती. चिंचेकडे बघत नव्हती. त्याच्याकडे बघून हसत होती.

मी मुनीरभाईंना फोन लावला. हाताला शेंगांचा चिकट रस लागला होता, दोनदा चुकीचा नंबर दाबला गेला.

"मुनीरभाई, तो डाग..."

"साफ झालाय, अक्का. फिकर नको."

"सेव्ह केलंत?"

"न्हाई. तुमी म्हणलात ना नको."

मग मी त्यांना स्वेटरचं सांगितलं. पलीकडून माउसची टकटक ऐकू आली. मग ते हळू आवाजात म्हणाले, "खांदा हाय, अक्का. आता कळलं. खांदा हाय हा." आणि मग, "अम्माला काय सांगणार?"

मी म्हणाले, "फोटो होता तसाच प्रिंट करून आणा."

*

येळवशीच्या सकाळी उदगीर नेहमीसारखं ओस पडलं. शेतात ज्वारी कणसावर आली होती, पानांवर दव. माणिकदादांनी खोप केली, अण्णांनी तीच शाल तिच्यावर पांघरली. चिंचेखाली बसूच्या समाधीवर सुनंदानं विभूती लावली, बेल वाहिला, आणि पाटीतला पहिला उंडा तिथं ठेवला. कुणी रडलं नाही. कोंडाबाई म्हणाली, "थंडी लई पडलीय औंदा," आणि सगळ्यांनी हो म्हटलं.

मुनीरभाई आले ते पाकीट घेऊन. अव्वा खोपीपुढं बसली होती. तिनं पाकीट उघडलं, पदरानं हात पुसून फोटो बाहेर काढला, आणि बराच वेळ बघत राहिली.

"जागा तशीच हाय," ती म्हणाली. मग मान वर केली. "तू बी न्हाई म्हणलास का रं, मुनीर?"

मुनीरभाई खाली बघायला लागले. मी तोंड उघडलं, पण सुनंदा माझ्या आधी तिच्याजवळ जाऊन उकिडवी बसली. कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"अव्वा, ह्ये बघा. ह्यो रंग कशाचा?"

अव्वानं फोटो लांब धरला, डोळे बारीक केले. जवळ घेतला. परत लांब धरला.

"बसूचं स्वेटर."

"व्हय."

"तोंड कुठाय?"

"तोंड आपल्याकडं हाय. म्हणून त्यात दिसत न्हाई. उठून पळून येऊन राहिले व्हते बघा. अण्णा हसले न्हाई का लई?"

अण्णा खोपीची शाल नीट करत होते. ती नीटच होती. ते नीट करत राहिले.

अव्वानं अंगठा त्या डागावर ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला, ताप बघावा तसा. ज्वारीत कुठंतरी पाखरं उठली आणि परत बसली. शेजारच्या शेतातून आंबील शिंपडणाऱ्यांचे आवाज येत होते.

"येऊन राहिला व्हता," ती म्हणाली.

"व्हय, अव्वा."

"मग येऊ द्या की त्याला. मधीच उचलून कशाला हुबा करायलाव?"

तिनं फोटो खोपीत नेला आणि पाच पांढऱ्या दगडांच्या शेजारी, कडब्याला टेकवून ठेवला. मग पाटीतून भांडी काढायला लागली. मुनीरभाईंना म्हणाली, "बस, आंबील घे. मागल्या साली बुडवलास."

*

ऊन कलल्यावर मी कॅमेरा काढला. डालगं पालथं घातलं. लेन्सचं तोंड बसूनं सोडलं होतं तेवढंच मोकळं ठेवलं. टायमर तेवढा दहावर नेला. सगळ्यांना खोपीशी बसवलं आणि उजवीकडची जागा सोडली. मुनीरभाई त्या जागेत सरकणार होते. कोंडाबाईनं त्यांना बाहीला धरून अलीकडे ओढलं.

बटण दाबून मी चालत गेले आणि सुनंदाशेजारी बसले. पोचले. दहा सेकंद फार मोठे असतात. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लुकलुकत होता. माणिकदादांनी ओठ न हलवता विचारलं, "हललं की बिघडतंय का वो?" अण्णा म्हणाले, "गप बस."

तो फोटो आता नांदेडला माझ्या टेबलावर आहे. सगळे लेन्सकडे बघतायत, मुनीरभाई तर जरा जास्तच. अव्वा मात्र लेन्सकडे बघत नाही. ती कॅमेऱ्याच्या थोडं उजवीकडे बघते आहे, जिथून माणूस उठून येतो तिथं. तिला घाई दिसत नाही.